खाड्याचा विमा

आमच्या गल्लीत हमालीचं काम करणारे एक मामा राहतात. वय पन्नाशीच्या आतलं, पण चालताना बघितलं तर साठीच्या पुढचे वाटतात. फेब्रुवारी उलटून हळदीची आवक वाढली की पहाटे हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटात जातात आणि रात्री कानाच्या पाळ्यांत, भुवयांत, नखांत हळद घेऊन परत येतात. त्यांना जांघेत अंतर्गळ होता. दोन वर्षं त्यांनी तो अंगावर काढला. पोतं उचलायच्या आधी पंच्याची घट्ट घडी करायची, ती करगोट्यात दाबून बसवायची आणि मग पाठ पुढे करायची, असं चाललं होतं. शेवटी एका रात्री दुखणं सोसेना तेव्हा नांदेडला नेलं. केशरी रेशनकार्ड होतं, आधार होतं, सरकारी आरोग्य योजनेत बसले. ऑपरेशन नीट झालं, बिलाचा एक रुपया द्यावा लागला नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वजन उचलायचं नाही.

सहाव्या आठवड्यात मामा मार्केटात पोती वाहत होते. मी रागावून विचारलं, तर म्हणाले, "ऑपरेशन फुकटात झालं भाऊ, बसून राहणं महाग पडायलंय."

गरिबाला आरोग्याचा आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं, हा प्रश्न या एका वाक्याने माझ्यापुढे नव्याने मांडला. मामांचा साधा हिशेब करून बघितला. हंगामात दिवसाला पाचशे रुपये धरले तर तीन महिन्यांचे ४५,००० रुपये होतात. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने उचलला. हे ४५,००० मात्र कोणाच्याच खात्यात नाहीत. अशा बुडालेल्या दिवसांना आमच्याकडे एक शब्द आहे, खाडा. कामावर गेलं नाही की खाडा पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तर खाडा मुकादमाच्या वहीत उलट्या बाजूने लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर उचलीत दंड चढतो. आपल्या सगळ्या आरोग्य योजनांना दवाखान्याचं बिल दिसतं. खाडा दिसत नाही.

योजनांना नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. २ जुलै २०१२ ला राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत शेजारचं नांदेड होतं, हिंगोली नव्हतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर आली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, ९७१ प्रकारचे उपचार आणि पिवळं किंवा केशरी कार्ड एवढी अट. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळालं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही ती लागू झाली आणि त्या चौदांत हिंगोली होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रक्कम पाच लाखांवर नेली, उपचार १,३५६ केले आणि कोणत्याही रंगाचं रेशनकार्ड चालेल असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून ते अमलात आलं. बारा वर्षांत दीड लाखापासून पाच लाखांपर्यंत आणि पिवळ्या-केशरी कार्डापासून सगळ्यांपर्यंतचा हा प्रवास मोठा आहे. ज्या घरात हृदयाच्या ऑपरेशनसाठी दोन एकर गहाण पडायचे, तिथे आता पडत नाहीत. हे मी माझ्या ओळखीच्या घरांत बघितलं आहे आणि त्याचं मोल मला ठाऊक आहे.

आकडेही तेच सांगतात. देशाच्या आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. पण ३९ टक्के म्हणजे अजूनही शंभरातले चाळीस रुपये. आणि हे चाळीस जातात कुठे, तर बरेचसे बाह्यरुग्ण तपासणीत आणि औषधांत. रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, मणक्याची इंजेक्शनं, लेकराचा ताप. यातल्या कशासाठी कोणी भरती होत नाही आणि योजना भरती झाल्याशिवाय सुरू होत नाही. जीवनदायी योजनेने घरी सोडल्यावरच्या दहा दिवसांची औषधं आणि परतीचं भाडं देण्याची तरतूद केली होती. कोणीतरी गरिबाच्या घराचा विचार करून ती लिहिली असणार. पण मामांचे खरे वाईट दिवस अकराव्या दिवसापासून सुरू झाले.

त्यात अंतराची भर. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा आमचा हिंगोली जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यातले बहुतेक लोक खेड्यांत राहणारे. इतकी वर्षं मोठं दुखणं म्हणजे नांदेड, असंच समीकरण होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत तान्ही बाळंही होती. त्या बातमीने हिंगोलीतली माणसं जास्त हादरली, कारण तेच आमचंही रुग्णालय होतं. कार्डावर पाच लाख असले तरी खाट, डॉक्टर आणि औषध नसेल तर त्या पाच लाखांचं काय करायचं, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आता हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी सुरू झालेल्या दहांपैकी ते एक. ते नीट उभं राहिलं तर सेनगाव-कळमनुरीच्या माणसाचा नांदेडचा फेरा वाचेल. बिलाचा आणि अंतराचा प्रश्न असा हळूहळू का होईना, सुटण्याच्या वाटेवर आहे. खाड्याचा प्रश्न कोणी हातातच घेतलेला नाही.

आरोग्य विमा नावाची गोष्ट जगात सुरू झाली तीच मुळी खाड्यासाठी. १८८३ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांचा आजारविमा कायद्याने आणला. वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. आजारी माणसाला औषधपाणी मिळायचं, आणि त्याच्या जोडीला तेरा आठवड्यांपर्यंत किमान निम्मा पगार मिळायचा. त्या काळी दवाखान्याचा खर्च आजच्याइतका नव्हता. कामगाराचं घर बसायचं ते पगार बुडाल्याने. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला सांगितलं गेलं, त्यांनी १९४४ मध्ये अहवाल दिला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तो मंजूर झाला तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. इथे स्वातंत्र्य यायला १७ सप्टेंबर उजाडावा लागला. कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या हमालासाठी तो आजही परमुलखातला आहे.

या कायद्याला, ज्याला कामगार ईएसआय म्हणतात, खाडा दिसतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या माणसामागे मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. बदल्यात उपचार तर आहेतच, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. बाळंतपणात २६ आठवड्यांचा पूर्ण पगार. कामावर अपघात झाला तर ९० टक्के. मामा या कायद्याखाली असते तर नव्वद दिवसांचे ३१,५०० रुपये त्यांना घरबसल्या मिळाले असते आणि सहाव्या आठवड्यात टाक्यांवर ओझं घ्यायची वेळ आली नसती. ईएसआयच्या दवाखान्यांबद्दल कामगारांच्या तक्रारी भरपूर आहेत, त्यांतल्या पुष्कळ खऱ्या आहेत. तरीही आजारी माणूस फक्त रोगी नसतो, तो कमावता असतो, ही समज आपल्याकडे या कायद्यात ठळकपणे उतरली आहे.

आता तो हिंगोलीत कोणाला लागू होतो ते बघू. अट आहे दहा माणसांची. आमच्या बाजारपेठेतून फिरा. भुसार दुकानात मालक, मुनीम आणि दोन हमाल. पार्ट्सच्या दुकानात तिघं. खानावळीत पाच. वीटभट्टीवर माणसं असतात वीस, पण ती कागदावर ठेकेदाराची, आणि ठेकेदाराचा कागद कुठे ते कोणालाच ठाऊक नसतं. दहाच्या वर माणसं लागणारे धंदे म्हणजे कापसाचं जिनिंग आणि साखर कारखाना. आणि नेमके तेच कायद्याने बाहेर ठेवले आहेत. 'हंगामी कारखाना' या व्याख्येत कापसाची सरकी काढणं, गाठी बांधणं, साखर आणि गूळ करणं हे सगळं येतं, आणि हंगामी कारखान्याला ईएसआय नाही. कापूस, ऊस आणि हळदीवर जगणाऱ्या जिल्ह्याला ज्या धंद्यांत थोडीफार पगारी कामं मिळतात, तेच या एका शब्दाने वगळले गेले. शरीर काही हंगामापुरतं झिजत नाही. जिनिंगमधला कापसाचा बारीक तंतू फुप्फुसात गेला की तो पावसाळ्यातही तिथेच असतो.

ईएसआय कायद्याला पोटात घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात एक चांगली खिडकी आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असले तर स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येतं. हे वाचून मी ओळखीच्या एका भुसार दुकानदाराकडे गेलो. सज्जन माणूस. त्याच्याकडे चौघं कामाला, प्रत्येकी दहा हजारांच्या आसपास. मी कागदावर मांडून दाखवलं: चाळीस हजार पगारावर तुमचे महिन्याला १,३०० रुपये, त्या चौघांचे मिळून ३००. त्याने आकडा नीट बघितला, वही बंद केली आणि म्हणाला, "भाऊ, तेराशे मोठे नाहीत. पण शेजारच्याने भरले नाहीत अन् मीच भरले तर माझा गिऱ्हाईक त्याच्याकडे जातो. गल्लीतले सगळे सही करायला तयार असतील तर माझी पहिली सही घ्या." मग जरा थांबून, "अन् त्या पोराचा विमा मी काढीन, माझा कोण काढणार?"

या दोन्ही गोष्टींत मला काही वावगं वाटलं नाही. छोट्या मालकाला आपल्याकडे एक तर शोषक ठरवतात, नाही तर उद्योजक म्हणून हार घालतात. प्रत्यक्षात तो आपल्या नोकरापेक्षा दोनच पायऱ्या वर उभा असतो. नोकर आजारी पडला की तो उचल देतो, स्वतः दवाखान्यात घेऊन जातो, मोटारसायकलवर मागे बसवून. पण ती उचल कर्ज असते, पुढच्या पगारातून कापली जाते. चांगुलपणावर चालणारा हा विमा मालकाची स्वतःची एक अँजिओप्लास्टी झाली की संपतो. आणि त्याने खाजगी विमा कंपनीकडे जायचं ठरवलं तर तिथेही वाट सरळ नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, ही मोठी सवलत होती. पण ती वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीला. मालकाने आपल्या कामगारांसाठी गटविमा काढला तर त्यावर १८ टक्के आहेतच. स्वतःपुरता विमा काढणाऱ्याला माफी आणि चार नोकरांचा काढणाऱ्याला कर, हा क्रम उलटा व्हायला हवा होता.

नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं की देशातल्या सुमारे ३० टक्के लोकांना, म्हणजे ४० कोटी माणसांना, आरोग्यखर्चाचं कसलंही संरक्षण नाही. त्या अहवालाने त्यांना 'हरवलेला मधला वर्ग' म्हटलं. आमचा दुकानदार त्यातलाच होता. २०२४ पासून महाराष्ट्रात सगळ्या कार्डधारकांना योजना मिळाल्याने त्याची दवाखान्याची बाजू थोडी सावरली आहे. पण दुकान बंद राहिलं तर भाडं, व्याज आणि चौघांचे पगार कोण देणार, हा त्याचा खाडा तसाच आहे.

मग काय करायचं? एकेकट्या मालकाच्या मर्जीवर ठेवलं तर होणार नाही. त्या दुकानदाराने मला ते एका वाक्यात सांगितलं. सगळं सरकारने करावं म्हटलं तर सरकारची तिजोरी दवाखान्याच्या बिलांनीच दमते. माझं म्हणणं असं की वर्गणी माणसामागे मागण्याऐवजी मालामागे घ्यावी. आमच्या जिल्ह्यात माणूस दहा ठिकाणी काम करतो, त्याचा मालक रोज बदलतो, पण माल मात्र एका दारातून जातो. हळद मार्केटच्या काट्यावरून जाते. कापूस जिनिंगच्या काट्यावरून. ऊस कारखान्याच्या काट्यावरून. हा काटा चुकवून कोणाला पुढे जाता येत नाही, आणि तिथे घेतलेला पैसा शेजारी-शेजारी सगळ्या दुकानांना सारखा लागतो, म्हणून कोणाचं गिऱ्हाईक कोणाकडे जात नाही.

ही काही मी शोधलेली कल्पना नाही. महाराष्ट्राने ती अनेकदा अमलात आणली आहे आणि तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण हमालांचंच आहे. मुंबईच्या गोद्यांत आणि बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि तिच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. ज्या माणसाला एक मालक नाही त्याचा मालक कोण, या प्रश्नाला त्या कायद्याने फार शहाणं उत्तर दिलं: सगळे व्यापारी मिळून एक मालक. व्यापाऱ्याने मजुरी माथाडी मंडळाकडे भरायची, वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार. नवी मुंबईत कोपरखैरणेला माथाडींचं स्वतःचं हॉस्पिटल उभं राहिलं ते यातून. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच कायद्याच्या आधाराने हमालाला ताठ उभं केलं. पोतं वाहणारा माणूस रजा मागू शकतो आणि ती पगारी असू शकते, हे महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहिलं. तो कायदा राज्याचा आहे, केवळ वाशीच्या बाजाराचा आणि पुण्याच्या मार्केटयार्डाचा नाही.

विडी कामगारांचं घ्या. १९७६ मध्ये केंद्राने विडीवर हजारामागे अधिभार बसवला. विडी घरोघरी वळली जायची, बाई कोणाची नोकर हे सिद्ध करणं अशक्य, म्हणून विडीच मोजली. त्यातून दवाखाने चालले, मुलांच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. जीएसटी येताना एक देश एक कर म्हणून तो अधिभार गेला आणि त्या दवाखान्यांचा स्वतःचा झरा आटला. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याचं तत्त्वही तेच: इमारतीच्या खर्चावर एक टक्का. आणि आमच्या सगळ्यात जवळचं उदाहरण ऊसतोडीचं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच राज्याने घालायचे, असं सरकारने ठरवलं. मालामागे वर्गणी आणि तेवढीच सरकारची जोड, मी म्हणतो ते दोन्ही यात आहे. त्या पैशातून मुलांची वसतिगृहं सुरू झाली, तेही हवंच होतं. पण फडात पाय कोयत्याने कापलेल्या बाईचे पंधरा दिवस अजून तिच्याच अंगावर आहेत. आणि खाड्याच्या भीतीने ऊसतोड बाया गर्भाशय काढून टाकतात, हे बीड जिल्ह्याच्या निमित्ताने २०१९ मध्ये सगळ्या राज्याने ऐकलं. पाळीचे दोन दिवस बुडू नयेत म्हणून अवयव काढला जातो, तिथे नुसतं मोफत ऑपरेशन देणारी व्यवस्था उपकार करते की अपाय, याचा विचार मला अस्वस्थ करतो. ज्या बाईला दोन दिवसांची मजुरी मिळण्याची खात्री असेल ती त्या टेबलावर जाणार नाही.

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राला विसरता येणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली तेव्हा तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर कर बसवला गेला. १९७५ चा तो व्यवसाय कर आजही पगारातून कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. मुंबईच्या कारकुनाने आमच्या भागातल्या खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरली, आणि तो कर टिकला. रोजगार हमीची कल्पना मांडणाऱ्या वि. स. पागे यांच्यासारख्या माणसांनी तो हिशेब लोकांना पटवून दिला होता. कमाल मर्यादा राज्यघटनेने बांधलेली असल्याने तिथून नवा पैसा फारसा निघणार नाही, पण अशी वर्गणी मराठी माणूस देतो, हा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

आता हिंगोलीचा हिशेब. हळद क्विंटलला १२,००० रुपये धरू. बाजार समिती शंभरामागे रुपयाच्या आसपास बाजार फी घेतेच. तिच्या जोडीला खरेदीदाराकडून शंभरामागे वीस पैसे घेतले तर क्विंटलला २४ रुपये होतात. एक लाख क्विंटल मालामागे २४ लाख. हमालाचे, मापाड्याचे, हळद निवडणाऱ्या बाईचे दिवसाला ४०० रुपये याप्रमाणे दहा दिवसांचे खाडे भरून द्यायचे म्हटले तर माणशी ४,००० रुपये. २४ लाखांत सहाशे माणसांचे खाडे भरतात. राज्याने तेवढीच भर घातली तर बाराशे माणसांचे, किंवा सहाशेच माणसांचे पण वीस दिवसांचे. हे आकडे मी समजण्यासाठी मांडले आहेत, बसून नीट काढावे लागतील. पण आवाक्यातले आहेत. गेल्या काही वर्षांत वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळद संशोधन केंद्र झालं, हिंगोलीच्या हळदीचं नाव देशभर गेलं. त्या नावातले वीस पैसे ती पाठीवर वाहणाऱ्याला मिळावेत, हे मागणं जास्त नाही.

यावर शेतकरी म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की शेवटी हे माझ्याच पट्टीतून जाणार. हमाली आणि तोलाई आजही त्याच्याच पट्टीतून कापली जाते. व्यापारी वीस पैसे भरेल आणि बोली वीस पैशांनी उतरवेल. ही भीती मी उडवून लावणार नाही. पण हळदीचा भाव सांगली, निजामाबाद आणि इरोडच्या बाजारांशी बांधलेला असतो. एका दिवसात तो क्विंटलला शे-पाचशेने हलतो. त्यात २४ रुपये शेतकऱ्यावर पूर्ण ढकलले जातीलच असं नाही, थोडे जातील. आणि शेतकऱ्याच्या घरात कोण असतं? दोन एकरांचा बाप आणि बाजारात हमाली करणारा धाकटा मुलगा एकाच घरात जेवतात. म्हणून निधीतला एक वाटा अल्पभूधारकाच्या खाड्यासाठीही ठेवावा. पेरणीच्या आठवड्यात माणूस तापाने पडला तर त्याचाही हंगाम जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त काळजीत टाकतो. मंडळं पैसा गोळा करतात आणि तो पडून राहतो, किंवा भलतीकडे जातो. बांधकाम मजुरांच्या अधिभाराचे हजारो कोटी राज्यांकडे न वापरता पडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक शब्द वापरले. आपल्या राज्यात बांधकाम मजुरांच्या मंडळाने भांड्यांचे संच वाटले. ते संच घेण्यासाठी उन्हात रांगेत उभ्या असलेल्या बाया मी बघितल्या आहेत; कुकर, कढई, ताटं घेऊन जाताना त्यांचा चेहरा खुललेला होता आणि त्या आनंदाला मी कमी लेखणार नाही. पण ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळवायला ज्याने खऱ्याखुऱ्या विटा वाहिल्या त्यालाच एजंटाला पैसे द्यावे लागतात, आणि आजारपणाची मदत मागणाऱ्याला महिनोन्‌महिने फाइलमागे फिरावं लागतं. भांडं वाटायला एक दिवस लागतो, त्याचा फोटो निघतो. खाडा भरून द्यायला वर्षभर रोज कोणीतरी खिडकीत बसावं लागतं. म्हणून हा निधी मुंबईच्या मंडळाकडे न पाठवता बाजार समितीच्या आवारात ठेवावा, त्यावर हमाल, शेतकरी आणि व्यापारी यांचे निवडलेले लोक असावेत, आणि दर महिन्याला जमा-खर्च काट्याशेजारच्या फळ्यावर खडूने लिहावा. हमालांच्या भिशीत कधी घोटाळा होत नाही असं नाही, पण झाला तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतो. पैसा डोळ्यांसमोर राहिला की तो जपला जातो, हे आम्हाला भिशीने शिकवलं आहे.

छोट्या दुकानांसाठी वाट वेगळी लागेल, कारण त्यांचा माल काट्यावर येत नाही. तिथे ईएसआयची नवी खिडकीच बरी. पण दुकानदाराचे तेराशे रुपये पहिली तीन-चार वर्षं निम्मे राज्याने भरावेत, आणि सही एकेकट्याकडून न घेता व्यापारी संघटनेकडून गल्लीच्या गल्ली घ्यावी. हवाई नावाच्या छोट्या अमेरिकी राज्याने १९७४ मध्येच मालकांवर कामगारांच्या आरोग्य विम्याची सक्ती केली. पण आठपेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाला तो भार सोसवेना तर मदत करायला कायद्यातच वेगळा निधी ठेवला. सक्ती आणि आधार एकाच कागदावर लिहिले, म्हणून तो कायदा टिकला. राजस्थानाने २०२१ मध्ये गरीब नसलेल्या कुटुंबाला वर्षाला ८५० रुपये भरून सरकारी योजनेत येऊ दिलं. त्या आधी कर्नाटकात २००३ पासून यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांचे शेतकरी सभासद महिन्याला पाच रुपये भरून शस्त्रक्रियेचा विमा मिळवत होते. सहकाराची परंपरा आपल्याकडेही जुनी. साखर कारखान्याचा सभासद, सोसायटीचा सभासद, दूध संघाचा सभासद असलेला माणूस आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गावात सापडतो, आणि त्याच सभासदाच्या शेतावरचा सालगडी कोणत्याच यादीत नसतो.

बायांचं मुद्दाम वेगळं लिहितो. हळद निवडणारी बाई दिवसभर त्या पिवळ्या धुळीत बसते. ती बाळंत झाली तर केंद्राच्या मातृवंदना योजनेतून पहिल्या मुलाला ५,००० रुपये मिळतात, तेही टप्प्याटप्प्याने. ईएसआयमधल्या तिच्या बहिणीला सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार. दोघींची कूस सारखीच, फरक फक्त हजेरीपटाचा. वीस पैशांच्या निधीने आणखी काही नाही केलं, बाळंतिणीचे दोन महिने जरी भरून दिले, तरी मी तो यशस्वी मानीन.

नियम करायची वेळ येईल तेव्हा माझी एकच आग्रहाची सूचना राहील. डॉक्टरची चिठ्ठी आणल्यापासून आठ दिवसांच्या आत पहिली रक्कम हातात पडली पाहिजे, मग चौकशी, मग बाकीची. आठ दिवस अशासाठी की मामा घरी पडून होते तेव्हा मामींनी मला सांगितलं होतं: किराणावाला पहिला आठवडा काही बोलत नाही, वही काढतो आणि लिहितो. दुसऱ्या आठवड्यात तो तेल देतो, साखर देत नाही. तिसऱ्या आठवड्यात मामी दुकानासमोरून जाताना पदर पुढे ओढून घेत होत्या.